माझं सूप सरस ठरलं

मिस्टर बिडल्फ टोप्यांचे व्यापारी होते, त्यामुळे मुलींच्या डोक्यांबद्दल आपल्याला बरंच कळतं असा त्यांचा समज होता. आमच्या शाळेच्या कार्यकारी मंडळाचे ते अध्यक्ष. एका सकाळी ते माझ्या वर्गात आले, काचेच्या नळीतून निघणारे बुडबुडे पाहिले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "मिस ट्रेगार्थन, हे काय आहे?"

"हायड्रोजन."

"बरं. याचा उपयोग काय?"

शास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. त्याला खोटं सांगता येत नाही आणि खरं सांगायला वेळ लागतो. मी खरं सांगायला लागले आणि आकाशात उडणाऱ्या फुग्यापर्यंत पोचायच्या आत ते खिशातलं घड्याळ बघू लागले. मग म्हणाले, "नाताळनंतर ही खोली रिकामी करा. माझी मेहुणी इथे मेणाची फुलं शिकवील. मेणाचं फूल दिवाणखान्यात ठेवता येतं. हायड्रोजन कुठे ठेवणार?"

हायड्रोजन खरोखरच ठेवायला कठीण असतो.

पण त्याच वर्षी मेलबर्नच्या विद्यापीठानं मुलींना पहिल्यांदा दार उघडलं होतं, आणि माझ्या मुली त्या दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. मेणाचा गुलाब हातात घेऊन त्या दारातून आत जाता येत नाही. म्हणून स्वभावाविरुद्ध धीर करून मी विचारलं, "रसायनशास्त्राचा उपयोग आहे हे मी कसं सिद्ध करू?"

मिस्टर बिडल्फनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिकडे कार्लटनच्या बागेत जागतिक प्रदर्शनाचा घुमट उभा राहत होता. "तिथे काहीतरी ठेवा. परीक्षकांकडून पहिल्या प्रतीचा दाखला मिळवा. मिळाला, तर तुमच्या बाटल्या राहतील. माझा शब्द."

त्या दिवसांत कोणाच्याही तोंडून हेच निघालं असतं. ज्यानं प्रदर्शनात काही पाठवलं नाही असा माणूस मेलबर्नमध्ये शोधून सापडत नव्हता. आमच्या दूधवाल्यानं लोण्याचा सिंह पाठवला होता. शेजारच्या गल्लीतल्या एका सद्गृहस्थांनी एमू पक्ष्याच्या पायाची दिव्याची बैठक पाठवली होती, आणि तिला जोड मिळवण्यासाठी ते दुसरा एमू शोधत होते. अशा गर्दीत माझा हायड्रोजन कोणी पाहिला नसता. तो तसाही दिसत नाही.

मी सूप निवडलं.

म्हणजे सूपाची वडी. मांस आणि हाडं उकळायची, गाळायची, चरबी काढायची, आटवायची, ताटात थापून वड्या पाडायच्या आणि खडखडीत वाळवायच्या. दूरच्या रानात मेंढ्या राखणाऱ्या माणसानं एक वडी गरम पाण्यात टाकली की पेलाभर सूप तयार. कल्पना माझी नव्हे; जुने दर्यावर्दी लोक असल्या वड्या जहाजावर नेत आणि जेवताना देवाचं नाव घेत. कारण त्या वड्यांना बुरशी येई, वास येई, आणि दोन्ही आलं तरी त्याच खाव्या लागत. वास न येणारी, न बुरसणारी आणि माणसाला पिववेल अशी वडी करणं, एवढाच माझा दावा होता. दावा लहान असला की सिद्ध करायला सोपा जातो, असं मला तेव्हा वाटत असे.

मी मिसेस डनफींच्या घरात भाड्यानं राहत होते. मिसेस डनफी आयरिश विधवा, मनानं अतिशय चांगल्या, आणि चांगल्या मनाची माणसं स्वयंपाकघरात किती आड येतात हे मला त्या महिन्यात कळलं. पहिल्याच दिवशी पातेल्याचं झाकण उघडून त्या म्हणाल्या, "अगं पोरी, यात बटाटा कुठाय?"

"बटाटा घालायचा नाही, मिसेस डनफी. पिष्टामुळे वडी आंबेल."

"पिष्ट कसलं आलंय? बटाटा म्हणतेय मी. आईनं शिकवलं नाही का काही?"

त्यांचा आवाज ऐकून कुंपणापलीकडून मिसेस गिलख्रिस्ट आल्या. त्या स्कॉटलंडच्या. त्यांनी पातेल्यात डोकावून मान हलवली. "जव नाही घातलेत. जवाशिवाय सूप म्हणजे घाबरलेलं पाणी."

"ही स्कॉच बाई घोड्याचा चारा घालते सूपात," मिसेस डनफी मला म्हणाल्या, पण अशा आवाजात की गल्लीला कळावं.

"घोडे तरी धष्टपुष्ट असतात," मिसेस गिलख्रिस्ट त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "काही माणसं नुसतीच फुगतात."

यानंतर दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत; मात्र मी शाळेत गेले की दोघीही आपापल्या परीनं माझ्या पातेल्याचं भलं करत राहिल्या. पहिल्या खेपेच्या वड्या आंबल्या, तेव्हा त्यांत मला बटाट्याचे अंश सापडले. आणि जवही. शत्रुत्व असूनही दोघींनी प्रमाण मात्र सारखंच राखलं होतं.

दुसरी खेप मी कुलपात केली आणि वाळवायला छपरावर ठेवली. त्या दुपारी उत्तरेचा वारा सुटला. मेलबर्नचा उत्तरेचा वारा रिकाम्या हातानं येत नाही; आतल्या प्रांतातली लाल माती बरोबर घेऊन येतो आणि ती प्रत्येकाला समान वाटतो. वड्या विटांसारख्या दिसू लागल्या. उरलेल्या वड्या रात्री पॉसम नावाच्या झाडावरच्या प्राण्यांनी नेल्या. त्यांना माती चालते.

तिसऱ्या खेपेला आरोग्य खात्याचे निरीक्षक आले.

आमच्या वसाहतीत मेंढ्या माणसांपेक्षा फार जास्त, आणि भाव पडला की कळपच्या कळप कढईत उकळून चरबी काढायची जुनी रीत. त्या कारखान्यांची दुर्गंधी मैलभर जाते, म्हणून ते वस्तीबाहेर हवेत असा कायदा आहे. त्यामुळे इथे कोणी हाडं उकळतंय म्हटलं की जेवण चाललंय असं कोणाच्याच मनात येत नाही. निरीक्षक दारात उभे राहून म्हणाले, "राहत्या वस्तीत उकळणीचा कारखाना चालवता म्हणे. तक्रार आहे."

"मी सूप करतेय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात. मेंढ्या किती?"

"मेंढीचे पाय आहेत. पातेल्यात आहेत तेवढेच."

ते विचारात पडले. "परवाना हवा. पण परवान्यात कमीत कमी एक कळप धरलाय. पायांना परवाना देता येत नाही."

"मग परवान्याची गरज नाही?"

"गरज आहे. फक्त तो मिळू शकत नाही." मग त्यांनी पुरावा म्हणून एक पेला घेतला, पुराव्याची खात्री करण्यासाठी दुसरा घेतला, मिशा पुसल्या, 'मीठ कमी आहे' असा शासकीय अभिप्राय दिला आणि ते गेले. तक्रार कोणी केली हे त्यांनी सांगितलं नाही. मिसेस गिलख्रिस्ट त्या संध्याकाळी फारच प्रेमानं चौकशी करायला आल्या, एवढं मी फक्त नमूद करते.

पण तिसरी खेप साधली. वड्या काचेसारख्या पारदर्शक, गडद मधाच्या रंगाच्या झाल्या. टेबलावर टाकली की ठण्ण वाजे. मी त्या वजन करून, पुसून, पुठ्ठ्याच्या पेटीत रचल्या, आणि आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी सुबक केलं असं मला वाटलं. शास्त्रज्ञानं असं वाटून घेऊ नये. तिथूनच मोजमाप चुकायला लागतं.

प्रदर्शनात वस्तू द्यायच्या दिवशी पाऊस होता. घोड्यांच्या बसमध्ये माझ्या शेजारी ओला कुत्रा घेतलेले एक गृहस्थ होते, आणि मी पेटी मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ओलावा, मांडीची ऊब आणि पुठ्ठा, या तिन्हींचा परिणाम मला आधी सुचायला हवा होता. मुलींच्या परीक्षेत मी तो प्रश्न म्हणून घालू शकले असते. कार्लटनला उतरताना लक्षात आलं की पेटी आणि माझे हातमोजे आता वेगळे राहिलेले नाहीत.

स्वीकृती कचेरीत एक तरुण कारकून बसले होते. त्यांनी मदत म्हणून पेटीला हात लावला. मग त्यांनी हात काढायला दुसरा हात लावला. मग आम्ही दोघं काही वेळ समोरासमोर, एका पेटीला धरून, ओळख नसलेल्या माणसांनी उभं राहू नये इतके जवळ उभे राहिलो.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"सूप."

"बाई, सूप चमच्यात असतं. हे माझ्या बाहीला आहे."

"ओल लागल्यामुळे झालंय. एरवी ते कोरडं असतं."

"कोरडं सूप?" त्यांनी मागे रांगेकडे पाहिलं, रांग हसली. "खाद्यपदार्थ डब्यात असतात, बाटलीत असतात, नाहीतर पिंपात. तुमचं डब्यात आहे?"

"नाही."

"मग खाद्यपदार्थ नाही. बरं, कशापासून केलंय ते सांगा. मी वर्ग शोधतो."

आता या ठिकाणी कोणतीही स्वयंपाकीण म्हणाली असती, 'मटणापासून,' आणि सुटली असती. पण मला कोणी 'कशापासून' असं विचारलं की माझं भान सुटतं. मी म्हणाले, "मेंढीच्या पायांची हाडं, स्नायूंची टोकं आणि कातडी यांतलं जिलेटिन, सावकाश उकळून, गाळून, आटवून, वाळवून."

कारकुनांचा चेहरा उजळला. "असं आधी सांगायचं की हो!" ते म्हणाले, एक हात कसाबसा सोडवून काहीतरी लिहिलं, माझे हातमोजे पेटीसकट ठेवून घेतले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. माझं वर्णन इतकं नेमकं होतं की त्यांना आणखी एकही प्रश्न विचारावा लागला नाही, याचा मला घरी जाताना अभिमान वाटत होता.

प्रदर्शन उघडल्यावर मी मिसेस डनफींना घेऊन गेले. खाद्यपदार्थांच्या दालनात स्विस दुधाचे डबे होते, जर्मन बिअरचे मनोरे होते, फिजीचं आरारूट होतं, बिस्किटांची कमान होती, आमच्या दूधवाल्याचा सिंह होता. उकाड्यानं तो आता शेळीसारखा दिसत होता. माझं सूप नव्हतं. आम्ही दालनामागून दालनं फिरलो. मिसेस डनफी जातील तिथे पहारेकऱ्याला विचारत, "दादा, आमच्या पोरीचं सूप पाहिलंत का?" आणि पहारेकरी आम्हाला उपाहारगृहाकडे पाठवत.

शेवटी यंत्रांच्या वाटेवर, शिंगांचे कंगवे आणि मेणबत्त्यांच्या चरबीतून कोरलेला राणीसाहेबांचा पुतळा यांच्यामध्ये मला माझ्या वड्या दिसल्या. नीट पुसलेल्या, काचेखाली मांडलेल्या. पाटी होती: 'सरस, सुतारकामाचा. मिस ट्रेगार्थन.'

मिसेस डनफींनी पाटी दोनदा वाचली. "सरस म्हणजे तो? लाकडं चिकटवायचा?"

"हो."

"आणि मी रविवारी दोन वाट्या प्यायले!" त्यांनी पोटावर हात ठेवला. "तरीच म्हटलं, पोट कसं धरून ठेवल्यासारखं झालंय."

मी कचेरीत गेले. कारकून म्हणाले, वर्ग बदलायचा अधिकार दालनप्रमुखांचा. दालनप्रमुख म्हणाले, परीक्षकांचा. परीक्षकांचे चिटणीस म्हणाले, "बदलू की. पण आधी परीक्षण होऊ दे."

"परीक्षण सरस म्हणून होईल!"

"त्याशिवाय ते सरस नाही हे कसं कळणार?"

हे तर्काला इतकं धरून होतं की मला हरकत घेता आली नाही. मी स्वतः वर्गात हेच शिकवते. आधी प्रयोग, मग मत.

प्रयोग झाला. परीक्षकांनी माझी वडी पाण्यात विरघळवली, दोन ओकच्या फळ्या जोडल्या आणि त्यांना वजनं टांगली. बर्लिनच्या सरसाच्या फळ्या सुटल्या. लंडनच्या सुटल्या. माझ्या फळ्यांना वजन टांगता टांगता शेवटी आकडाच वाकला, असं म्हणतात. मला पहिल्या प्रतीचा दाखला मिळाला, आणि त्यावर परीक्षकांची खास टीप होती: 'असाधारण पकड. वासही आल्हाददायक.' माझं सूप सगळ्यांहून सरस ठरलं, आणि याहून वाईट गोष्ट एखाद्या सूपाबद्दल म्हणता येत नाही.

दाखला घेऊन मी मंडळाच्या बैठकीला गेले. जाताना मनाशी घोकत होते: गप्प बसायचं. शब्द दाखल्याचा होता, सूपाचा नव्हता. बाटल्या राहतील, मुली विद्यापीठात जातील. फक्त गप्प बसायचं.

मिस्टर बिडल्फनी दाखला उंच धरला. "सरस! सभ्यहो, मी म्हणालो होतो, ही बाई काहीतरी करील. सूप-बिप, लोणची-बिणची कोणीही बाई करते. पण सरस! हा उद्योग आहे. टोपीच्या आतल्या कडेला सरसच लागतो. रसायनशास्त्र राहील, मिस ट्रेगार्थन. माझा शब्द म्हणजे शब्द."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प होते. मला तेव्हा उठून घरी जाता आलं असतं.

"आता जरा सांगा तर खरं," मिस्टर बिडल्फ प्रेमानं म्हणाले, "यात घालता काय काय? म्हणजे आमच्या कारखान्यालाही उपयोग होईल."

कोणी 'काय काय' विचारलं की काय होतं, ते मी आधी सांगितलंच आहे.

"मेंढीचे पाय," मी म्हणाले. "कांदा. गाजर. थोडी मिरी. आणि तमालपत्र."

मिस्टर बिडल्फनी दाखला खाली ठेवला.

"सरसात तमालपत्र?"

"चवीसाठी," मी म्हणाले, आणि मग परत फिरायला वाट उरली नाही. "मिस्टर बिडल्फ, ते सूप आहे. पहिल्यापासून सूपच होतं. चुकीच्या वर्गात गेलं."

"काहीतरीच! परीक्षकांनी त्यानं ओक चिकटवलाय!"

"मी सिद्ध करते." पिशवीत घरी उरलेल्या दोन वड्या होत्या. टेबलावर चहाच्या पाण्याची किटली होती. मी पेल्यात वडी टाकली, गरम पाणी ओतलं, ढवळलं आणि सगळ्या मंडळासमोर उभ्यानं पेला संपवला. दुसरा पेला मी शेजारी बसलेल्या रेव्हरंड ऑस्पिनवॉलना दिला. ते वृद्ध आणि ठार बहिरे. झालेलं एक अक्षरही त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तो चहा समजून घेतला, थबकले, आणि आनंदानं म्हणाले, "वा! अजून आहे का?"

"रेव्हरंडसाठी डॉक्टर बोलवा," मिस्टर बिडल्फ हळूच कोणालातरी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दया होती; ती फार वाईट होती. "बसा, मिस ट्रेगार्थन. आपण शांतपणे विचार करू. समजा, हे सूप आहे. मग तुम्हाला बक्षीस नाही, कारण बक्षीस सरसाला आहे. बरोबर?"

"बरोबर."

"आणि समजा, हा सरस आहे. तर मंडळासमोर तुम्ही तो पेलाभर प्यायलात आणि एका धर्मगुरूंना पाजलात. बरोबर?"

मी या तर्कात चूक शोधली. अजूनही अधूनमधून शोधते.

"रसायनशास्त्रानं बाईच्या डोक्यावर काय परिणाम होतो हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं," मिस्टर बिडल्फ मंडळाला म्हणाले, आणि एकदा स्वतःच्या डोक्याला हात लावला. ठराव एकमतानं झाला. रेव्हरंड ऑस्पिनवॉलनीही हात वर केला. मला वाटतं, ते आणखी एक पेला मागत होते.

बाटल्या एका औषधाच्या दुकानदारानं नेल्या. तराजू कोणी नेला ते मला कळलं नाही. नाताळानंतर त्या खोलीत मेण वितळवायला लागले. मुलींनी मला विचारलं, "मिस, मेण किती अंशावर वितळतं?" मी दाराबाहेर उभी राहून त्यांना सांगितलं, कारण आत जायला मला मनाई होती. त्यांच्यापैकी दोघी पुढे शहरातल्या दुसऱ्या शाळेत गेल्या. बाकीच्यांनी खूप गुलाब केले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मिसेस डनफींनी बटाटा घातलेलं सूप समोर ठेवलं. मग अभिमानानं म्हणाल्या, "वर बघ!"

दाखला जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर होता. मी तो आदल्या दिवशी बैठकीतून आणून पायरीपाशी कोपऱ्यात टाकला होता. त्यांनी तो उचलून इस्त्री करून लावला होता.

"काढा तो, मिसेस डनफी. मेहेरबानी करा."

"निघत नाही गं."

"खिळ्यानं लावलात?"

"छे, वॉलपेपर फाटेल म्हणून नाही लावला खिळा. तुझ्याच वडीनं लावलाय. चार कोपऱ्यांना थोडं थोडं."

"गरम पाणी लावून सुटेल."

"मग भिंतीवरून सूप ओघळेल पोरी, आणि उंदीर येतील."

मी सुरी घेतली. कडेनं घातली, मग बोटांनी ओढलं. वॉलपेपर फाटला. मागचा गिलावा तुकड्यांनी खाली आला. दाखला हातात आला तेव्हा त्याच्या मागे भिंतीचा तुकडा होता, त्यावर वॉलपेपरची फुलं होती, आणि मी तो दिव्याशी नेऊन चारही कोपरे नीट तपासले. भिंत भिंतीपासून सुटली होती. कागद कागदापासून सुटला होता. माझा जोड कुठेही सुटला नव्हता.

पुरावा समोर असताना तो नाकारणं आम्हाला शिकवलेलं नाही. परीक्षकांचं चुकलं नव्हतं.